भिंत त्यांची, घर आपलं

"बाकी काही करा, पण भिंतीला खिळा मारायचा नाही हं बाई!"

सुरगाण्याच्या आमच्या घरमालकीणबाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवता ठेवता सांगितलेलं हे पहिलं वाक्य. पाण्याची वेळ, विजेचं मीटर, मागच्या दाराची कडी हे सगळं नंतर. आधी खिळा! मी मान डोलावली खरी, पण मनात म्हटलं, झालं, पहिल्या दिवसापासूनच सुरुवात.

आमच्या ह्यांची नोकरी बदलीची. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यात हे पाचवं बिऱ्हाड. भाड्याच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणींना मी वेगळं काय सांगू? ट्रंका उघडतात, भांडी लागतात, गॅस येतो, मुलांच्या शाळा सुरू होतात; पण भिंती कोऱ्या असेपर्यंत घर आपलं वाटत नाही. धर्मशाळेत उतरल्यासारखं वाटतं. आणि भिंतीला हात लावावा तर ती आपली नसते.

आधीच्या बिऱ्हाडात ह्याचा चांगलाच फटका मला बसला होता. ते गाव मोठं, घर सिमेंटचं, भिंतींना झकास गुलाबी डिस्टेंपर. तीन वर्षं राहिलो. घर सोडताना मालकांनी हातात पेन्सिल घेऊन भोकं मोजली. सत्तावीस भरली! त्यातली निदान दहा आमच्या आधीच्या भाडेकरूंची होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सिद्ध कसं करणार? डिपॉझिटमधले सहा हजार कापले गेले. पैशांचं तर वाईट वाटलंच. पण सामानाचा टेम्पो दारात उभा, शेजारणी गॅलरीत उभ्या, आणि मालक मोठ्यांदा "अठरा, एकोणीस" मोजताहेत, हे जास्त लागलं. मी शाळेत मुलांना बेरजा शिकवते. तशी बेरीज आयुष्यात ऐकली नव्हती.

म्हणून सुरगाण्याला आल्यावर मी ठरवलं की ह्या वेळी एकही खिळा नाही. बाईंचा हुकूम होता म्हणून नव्हे, तर मीच तोंड पोळून घेतलं होतं म्हणून.

सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं अगदी पश्चिमेचं टोक. पलीकडे गुजरातचा डांग. एकेकाळचं छोटंसं संस्थान, १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालेलं. आता तालुक्याचं गाव आणि नगरपंचायत. आदिवासी मुलखातलं हे गाव तसं गोड आहे, पण पाऊस! जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यांपैकी हा एक. जूनमध्ये सुरू झाला की कपडे वाळायचं नाव नाही आणि भिंती घाम आल्यासारख्या ओल्या. आमचं घर जुनं, मंगलोरी कौलांचं. भिंती मातीच्या विटांच्या, वरून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात.

पहिल्याच आठवड्यात मला बाईंच्या हुकमाचं मर्म कळलं. स्वयंपाकघरात आधीच्या कुणीतरी मारलेला एक खिळा लडबडत होता. म्हटलं, काढून टाकू. पक्कड लावून जरा ओढला, तर खिळ्याबरोबर तळहाताएवढा पोपडा खाली! आतून भुरभुर माती. बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली, तर जागोजागी पोकळ आवाज. म्हणजे गिलाव्याने माती सोडलेली, नुसता पापुद्रा उभा. अशा भिंतीवर हातोडी म्हणजे आजारी माणसाच्या पाठीत धपाटा.

मी घाबरतच बाईंना दाखवायला गेले. त्या रागावल्या नाहीत. साठीच्या पुढच्या एकट्या बाई. दर दिवाळीआधी स्वतः शिडीवर चढून चुना लावतात. कळीचा चुना रात्री भिजवायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, थोडा सरस आणि चिमूटभर नीळ घालायची. सरसाने चुना कपड्याला लागत नाही आणि निळीने पांढरा दिसतो. "माझे हात दुखतात हो खांद्यापासून," त्या म्हणाल्या, "म्हणून सांगते खिळा नको." तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणू लागले.

घर घेताना काय करावं हे आता आधी सांगते, कारण सजावट पुढची गोष्ट. सामान आत येण्यापूर्वी रिकाम्या खोलीत उभं राहून चारही भिंतींचे फोटो काढा. आता मोबाइल सगळ्यांच्या हाती आहेत, तारीख आपोआप राहते. मावशींना बरोबर घेऊन मी एका वहीत लिहिलं: पुढच्या खोलीत सात भोकं, एक हुक, खिडकीखाली ओल, स्वयंपाकघरात अकरा भोकं, मोरीकडचा पोपडा पडलेला. खाली दोघींच्या सह्या. मावशी हसल्या, म्हणाल्या, "शाळामास्तरीण ती शाळामास्तरीणच." पण सही केली. त्यात मालकाचाही फायदा असतो, हे त्यांना पटवून सांगावं लागतं.

कायद्याची थोडी माहिती आपल्यालाही हवी. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या १०८ व्या कलमात भाडेकरूची कर्तव्यं सांगितली आहेत. जागा घेतली तशी चांगल्या स्थितीत परत करायची, मात्र रोजच्या वापराने होणारी झीज आणि घट त्यातून वगळलेली. म्हणजे तीन वर्षांत रंग फिका पडला, तर तो तुमचा गुन्हा नाही. भिंतीत मूठभर खड्डा पाडला, तर आहे. जागेचं कायमचं नुकसान होईल असं काही करायला त्याच कलमाने मनाई आहे. वेगळा करार लिहून दिला असेल, तर त्यातल्या अटी आधी पाहाव्यात. आपण बायका करारावर सही करायला ह्यांना पाठवतो आणि आत काय लिहिलंय ते वाचतच नाही. "रंगाचा खर्च भाडेकरूने द्यावा" अशी ओळ असते कधीकधी, वाचून घ्या.

माझी आई सांगते, मुंबईच्या चाळींत हा प्रश्नच नव्हता. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा होता (पुढे त्याची जागा १९९९ च्या कायद्याने घेतली), भाडं जुनंच राहायचं, मालक रंगाला पैसे घालायचा नाही आणि भाडेकरू दोन-दोन पिढ्या हलायचा नाही. त्यामुळे फळ्या, खुंट्या, माळे सगळं बिनदिक्कत ठोकलं जायचं. आपलं तसं नाही. आपण अकरा महिन्यांचे पाहुणे!

तर मावशींच्या घरात आम्ही राहू लागलो. कॅलेंडरचा प्रश्न आधी सुटला, कारण एक जुना हुक होता. 'कालनिर्णय' १९७३ साली निघालं, आणि तेव्हापासून मराठी घरात एक तरी खिळा त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतोच. पण खरा प्रश्न निराळाच होता. माझ्या सासऱ्यांचा फोटो.

हा फोटो मोठा, काचेचा, सागवानी चौकटीचा. सासूबाई आमच्याकडेच असतात. आधीच्या घरी तो समोरच्या भिंतीवर होता, रोज त्याला फूल. इथे आल्यावर मी तो जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला, म्हटलं काहीतरी सोय होईपर्यंत. सोय होईना. एक महिना गेला, तीन गेले. सासूबाई बोलत नव्हत्या, पण ट्रंकेजवळून जाताना थबकायच्या. शेवटी एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना आणखी किती दिवस कोंडून ठेवणार आहेस?"

मला काही उत्तर सुचलं नाही. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "मारा एक खिळा, होईल ते होईल." हे म्हणाले, "आणि पोपड्याबरोबर बाबाच खाली आले म्हणजे?"

मग मी ते चिकटणारे हुक मागवले. जाहिरातीत दाखवतात ना, पाच किलो वजन पेलतो म्हणून! पेलत असेलही, पण कशावर? चुन्याच्या भिंतीवर हुक चुन्याला चिकटतो, भिंतीला नव्हे. रात्री साडेदहाला धाडकन आवाज झाला. सुदैवाने मी फोटोऐवजी आधी पिठाचा डबा पिशवीत घालून टांगून पाहिला होता. तेवढी अक्कल मला आहे.

ह्या चिकट वस्तूंबद्दल इथेच सांगून टाकते. गुळगुळीत टाइल, काच, लाकडाचं पॉलिश केलेलं दार आणि तैलरंगाची भिंत ह्यांवर त्या उत्तम बसतात. चुना आणि साधं डिस्टेंपर ह्यांवर बसत नाहीत. बसल्याच तर काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतात. भिंतीवर तळहात फिरवून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर तो नाद सोडा. लावायचेच असतील, तर कपाटामागच्या कोपऱ्यात एक लावून आठ दिवसांनी काढून पाहा. काढताना ओढू नका. केस वाळवायच्या यंत्राने मिनिटभर ऊब द्या आणि मागून मजबूत दोरा करवतीसारखा सरकवत काढा. राहिलेला चिकटा टाइलवरून खोबरेल तेलाने निघतो; पण डिस्टेंपरवर तेल लावाल, तर चिकट्याच्या जागी कायमचा तेलकट डाग येईल. हे मी गुलाबी भिंतीवर करून बसले होते. सत्तावीस भोकांत तो डाग धरला नव्हता, हे मालकांचे उपकार!

फोटोचं उत्तर मला मिळालं ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गातल्या एका वारली मुलीच्या बहिणीचं लग्न होतं. मोठ्या आग्रहाने बोलावलं म्हणून मी पाड्यावर गेले. घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांना दोन्हीकडून शेणमाती लिंपलेली. आत लग्नाचा चौक काढलेला. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. हा चौक सवाशिणी काढतात. मी बघतच राहिले. मुलीच्या आईला विचारलं, "लग्न झाल्यावर हे जपून कसं ठेवता?" ती हसली. म्हणाली, "जपायचं कशाला? सारवलं का गेलं. पुढचं लगीन आलं का पुन्हा काढायचं."

तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. टोपल्या, इरलं, ढोल, शिंकी, बियाण्याची गाडगी, त्या घरातली प्रत्येक वस्तू वरच्या लाकडाला टांगलेली होती. भिंतीवर एकही नाही. कुडात खिळा टिकणार कसा? म्हणून त्यांनी भिंतीला कधी वजन दिलंच नाही. भिंत फक्त चित्रासाठी!

आणि मी तीन महिने भिंतीकडे टक लावून बसले होते. वर पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर आम्ही शिडी लावली. आमच्या भिंतीच्या माथ्यावर आडवं लाकूड आहे, त्यावर वासे टेकलेले. त्या लाकडाभोवती नायलॉनच्या दोरीचा फास घेतला आणि दोन दोऱ्या खाली सोडल्या. सुतळी वापरू नका, आमच्यासारख्या ओल्या हवेत ती वर्षभरात कुजते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना मागून आकडे होतेच, त्यांत दोऱ्या अडकवल्या. जुन्या वाड्यांतल्या तसबिरी आठवतात? लांब दोरीने टांगलेल्या, किंचित पुढे झुकलेल्या, जणू आपल्याकडे वाकून बघताहेत. अगदी तशी दिसू लागली. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवले. त्याने दोन फायदे होतात: चौकट भिंतीवर घासून काळी रेघ उमटत नाही आणि मागून हवा खेळती राहते. पावसाळ्यात भिंतीला चिकटलेल्या फोटोला मागून बुरशी येते आणि मग ती काचेखाली शिरते. एकदा शिरली की फोटो गेलाच म्हणून समजा.

ही सासऱ्यांच्या तिथीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सासूबाईंनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर झेंडूचा हार त्यांनीच रात्री बसून ओवून ठेवलेला.

ज्यांच्याकडे स्लॅबची घरं आहेत त्या म्हणतील, आम्ही दोरी कशाला बांधू? पाहा, प्रत्येक घरात काही ना काही आधीच ठोकलेलं असतं. पडद्याच्या दांड्या, खिडकीचे गज, माळ्याची कड, दाराची चौकट. दाराच्या माथ्यावर अडकवायचे पत्र्याचे वाकडे हुक मिळतात, त्यांना ठोकावं लागत नाही. माळ्याच्या कडेला मी एका ठिकाणी सुताराचा शिकंजा लावून बांबूची दांडी अडकवली होती आणि तीवर माझी काथ्याची कलाकुसर टांगली होती. शिकंज्याखाली कापडाची घडी ठेवायची, म्हणजे वण उठत नाही. फक्त पंख्याच्या हुकाला काही टांगू नका. आणि स्विचच्या सरळ वर किंवा खाली कधीच काही ठोकू नका. आतून वायर गेलेली असते. तिथे भिंतीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

आता एक विषयांतर. देवांच्या तसबिरी आपल्या घरांच्या भिंतींवर फार प्राचीन काळापासून आहेत असं आपल्याला वाटतं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या रंगीत लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. त्याआधी सामान्य माणसाचे देव देवघरात आणि कोनाड्यातच असत. म्हणजे भिंतीवर देव नाही म्हणून काही बिघडत नाही, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं पुस्तकी ज्ञान राहू दे, देवघर पूर्वेला मांड." ते चौरंगावर मांडलं. समईची काजळी भिंतीवर धरते, म्हणून मागे एक मोठी पांढरी टाइल टेकवून ठेवली आहे. काजळी धरलीच, तर ओल्या फडक्याने पुसू नका, काळं पसरतं. शिळ्या पावाच्या मऊ भागाने कोरडंच टिपून घ्या.

बाकी सजावट आम्ही जमिनीवरून वर नेली. कपाटावर, पुस्तकांच्या फळीवर फोटो नुसते टेकवून उभे ठेवले. छान दिसतात, हलवता येतात. कपाट मात्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं असावं, निदान पावसाळी गावात. खिडकीखालची ओल झाकायला मी बांबूची चटई वरून सोडली होती. दिसायला सुरेख, पण पहिल्याच श्रावणात तिला हिरवी बुरशी आली. ओल झाकल्याने वाढते, हे शिकले. आता चटई ज्येष्ठात उतरवते, दसऱ्यानंतर ऊन खाऊ घालून पुन्हा लावते. पावसाळ्याचे चार महिने भिंत उघडीच.

जुन्या साड्यांचे पदर मात्र फार उपयोगी. काठाची जुनी साडी असेल, तर पदराचा तीन फुटांचा तुकडा कापून वर-खाली नेफा शिवा, दोन काठ्या घाला, वरच्या काठीला दोरी बांधा. काचेची तसबीर पडली तर फुटते, हा पदर पडला तर घडी घालून ठेवायचा. माझ्या लग्नातल्या शालूचा पदर पुढच्या खोलीत आहे. शालू कसरीने खाल्ला होता, पदर वाचला.

वारली चित्रही आता माझ्याकडे आहे, पण कागदावरचं. ही कला भिंतीवरून कागदावर आली ती १९७० नंतरच्या काळात. भास्कर कुलकर्णी ह्या चित्रकाराने डहाणूकडच्या पाड्यांवर जाऊन ह्या लोकांच्या हाती कागद दिले. त्यातूनच गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगाला ठाऊक झाले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. एरवी बायकांनी लग्नापुरतं काढायचं चित्र एका पुरुषाने रोज काढावं, ह्याचं तेव्हा नवल वाटलं असेल! पण कागदावर उतरलं म्हणून ते माझ्यासारख्या बिऱ्हाडकरणीला गुंडाळून नेता येतं. एक सांगते, दुकानातून वारली छाप चिकटपट्टी आणून भिंतीला लावण्यापेक्षा काढणाऱ्याच्या हातचं घ्या. पैसे त्या घरात जातात आणि भिंतीचाही रंग निघत नाही.

मुलांची चित्रं ही आणखी एक गंमत. दाराच्या चौकटीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी आणि कपड्यांचे चिमटे, झालं काम. दर रविवारी धाकटी प्रदर्शन बदलते. कागद भिंतीलाच चिकटवायचा हट्ट असेल आणि भिंत तैलरंगाची असेल, तर मैद्याची खळ लावा. ओल्या फडक्याने कागद नि खळ दोन्ही सुटतात. पण खळीला झुरळं आणि कसर लागते. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात ते ह्याच कारणाने. लहान मुलं असलेल्या घरात मात्र मोरचूद नको, ते विष आहे. चार दिवसांच्या वाढदिवसापुरतीच खळ बरी.

गणपतीच्या आराशीलाही भिंत लागत नाही. पूर्वी थर्मोकोलचं मखर आणि मागे भिंतीला टाचण्यांनी कागद, असा प्रकार होता. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, ते एका परीने बरंच झालं. आम्ही कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड उभा करतो, त्यावर दोन ओढण्या सोडतो, पुढे पाट. इथे बांबूला तोटा नाही, म्हणून गेल्या वर्षी थोरल्याने बांबूची कमान बांधली. जरा वाकडी झाली. पण गणपतीबाप्पांनी काही तक्रार केली नाही.

एवढं करूनही भोक पडलंच तर? पडतं. घाईत बुजवू नये. भोकातली भुकटी झटकून काढा, आत पाण्याचा थेंब सोडा, कोरड्या गिलाव्यात लांबी धरत नाही. पांढऱ्या सिमेंटची भिंतीची पुट्टी घट्ट कालवून किंचित वर येईल इतकी भरा, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासून सपाट करा. प्लास्टर ऑफ पॅरिस पटकन आवळतं, म्हणून चमचाभरच कालवायचं; ओलीच्या भिंतीत ते टिकत नाही. टूथपेस्ट भरायची युक्ती पुष्कळ जणी सांगतात. मीही केली होती. वाळल्यावर तिला तडा गेला, आणि त्याआधी मुंग्या लागल्या! रंगाचं म्हणाल, तर चुन्यावर चुन्याचा ठिपका मिसळून जातो. डिस्टेंपरवर ठिगळ दिसतंच. तेव्हा मालकांना रंगाचं नाव आणि शेडचा नंबर आधी विचारून वहीत लिहून ठेवावा, आणि ठिपका न लावता ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवून द्यावी. पुष्कळदा डिपॉझिट कापून घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

खिळा मारायची परवानगी असेल, तर बारीक स्टीलचा खिळा घ्या, आधी तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा म्हणजे गिलावा फुटत नाही, आणि एका जागी मारलेला खिळा दर महिन्याला हलवू नका. आपल्या ह्यांना "जरा डावीकडे, अजून जरा वर" असं सांगायची सवय मलाही होती. सत्तावीस भोकं काही उगाच झाली नाहीत.

एक गोष्ट मात्र मला आधीच्या चारही घरांत जमली नाही आणि तिची हळहळ अजून आहे. मुलांची उंची. प्रत्येक वाढदिवसाला भिंतीला उभं करून डोक्यावर पट्टी धरायची, पेन्सिलीने रेघ, बाजूला तारीख. थोरल्याची पहिली पावलं पडली त्या घरातली रेघ तिथेच राहिली. पुढच्या घरातल्या रेघा रंगाखाली गेल्या. गुलाबी भिंतीवरच्या तर मालकांनी माझ्यासमोर खोडरबराने खोडायला लावल्या, आणि मी मुलाच्या पाच वर्षांपासून सात वर्षांपर्यंतच्या रेघा पुसत बसले. तेव्हा फोटोही काढून घ्यायचं सुचलं नाही.

इथे आल्यावर मी सुताराकडून सहा फूट लांब, चार बोटं रुंद सागाची फळी आणली. तीवर इंचांच्या खुणा केल्या. डॉक्टरच्या कार्डावर, शाळेच्या प्रगतिपुस्तकांत जिथे जिथे उंची सापडली ती शोधून मागच्या रेघाही मारल्या. सगळ्या नाही सापडल्या. फळी दारामागे उभी असते. वाढदिवसाला बाहेर काढतो, जमिनीला टेकवतो. बदलीचा हुकूम येईल तेव्हा ती टेम्पोत सगळ्यांत आधी चढेल. धाकटीने तीवर तळाशी मांजराचीही उंची लिहिली आहे.

गेल्या आठवड्यात मावशी दिवाळीच्या चुन्याचं विचारायला आल्या. पुढच्या खोलीत उभ्या राहून सासऱ्यांच्या फोटोकडे, मग वर दोरीकडे, मग पुन्हा फोटोकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, लाकडाला दोरी बांधली म्हणून काही म्हणतात की काय. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा फोटो गेल्या पावसाळ्यात खिळ्यासकट पडला. काच नवी घातली, पण पुन्हा लावायचा धीर होईना. कपाटात आहे."

मावशींचा फोटो आमच्यापेक्षा मोठा आहे, चौकटही जाड. म्हणून दोरी दुहेरी घेतली आहे आणि बुचं चार ठेवलीत. चुना वाळला की येत्या रविवारी टांगायचा. शिडीवर हे चढतील. डावीकडे की उजवीकडे ते खाली उभ्या राहून मावशी सांगणार आहेत.